शिक्क्याआडची छत्री

सेकंडहँड रिग घ्यायला निघालेल्या माणसाला जी वस्तू सगळ्यात नीट बघायची असते, तीच त्याला दिसत नाही. रिग म्हणजे विमानातून उडी मारताना पाठीवर बांधायचा संच. त्याच्या कंटेनरमध्ये दोन छत्र्या असतात. खालच्या कप्प्यात मेन, प्रत्येक उडीला उघडायची. वरच्या कप्प्यात रिझर्व्ह, मेनने दगा दिला तरच उघडायची. मेन उलगडून, उन्हात धरून, ओढूनताणून बघता येते. रिझर्व्ह मात्र घडी घालून बंद केलेली असते. तिच्या पिनेवरून लाल दोरा ओवलेला, आणि त्या दोऱ्यावर शिशाचा बारीक शिक्का दाबलेला. शिक्क्यावर ती बांधणाऱ्या रिगरची खूण. तो दोरा शाबूत आहे तोवर आत काय आहे याचा पुरावा एकच: कंटेनरच्या छोट्या खिशातलं कार्ड, आणि त्यावर प्रत्येक बांधणीला केलेली तारीखवार सही. रिग घेताना आपण कापडापेक्षा जास्त या सह्या विकत घेत असतो.

मी मूळची वसमतची. सध्या अ‍ॅरिझोनात चँडलरला नोकरी करते. इथून तासाभरावर, फिनिक्स आणि टुसॉनच्या मध्ये एलॉय नावाचं वाळवंटी गाव आहे आणि तिथे स्कायडाइव्हिंगचं जगातलं एक मोठं केंद्र आहे. अमेरिकेत पंचवीस उड्या आणि ठरलेल्या परीक्षा झाल्या की 'ए' परवाना मिळतो. तोवर रिग भाड्याची असते. परवाना हातात आला की भाडं टोचायला लागतं. नव्या रिगला आठ-दहा हजार डॉलर सहज पडतात, वर ती शिवून येईपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं. म्हणून बहुतेकांची पहिली रिग वापरलेली असते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. चांगल्या निगराणीतली मेन शेकडो उड्या देते.

पहिला प्रश्न आकाराचा. छत्रीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत मोजतात आणि उडणाऱ्याचं वजन पौंडांत. कपडे, हेल्मेट आणि रिग धरून जे एकूण वजन होईल त्याला क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर एक किंवा त्याहून कमी आलं तर ती छत्री नवख्याच्या हातात द्यावी, अशी सर्वसाधारण शिकवण आहे. माझं वजन ६० किलो, म्हणजे १३२ पौंड. सामानाचे २६ धरले की १५८. याला १७० ने भागलं तर ०.९३, १३५ ने भागलं तर १.१७. कागदावर फरक किरकोळ दिसतो. हवेत तो किरकोळ राहत नाही. लहान छत्री जरा ब्रेक ओढला की गर्रकन वळते आणि वळताना झपाट्याने उंची घालवते. पूर्ण उघडलेल्या, काहीही न बिघडलेल्या छत्रीखालीसुद्धा माणसं दगावतात, आणि त्यातले पुष्कळ अपघात जमिनीजवळ घाबरून घेतलेल्या अशा एका वळणाचे असतात. 'वर्षभरात सवय होईल' असं सांगून १३५ गळ्यात मारणारे विक्रेते भेटतात. ज्या वर्षात सवय व्हायची, ते वर्ष त्या छत्रीखाली काढायचं कुणी, हे ते सांगत नाहीत.

शिवाय आकार एकट्या मेनचा नसतो. कंटेनर ठराविक मापांसाठी शिवलेला असतो. १५० साठी शिवलेल्या कप्प्यात १७० कोंबली तर पिन घट्ट बसते, फ्लॅप ताणतात. रिझर्व्हचंही तसंच. मेन मोठी आणि रिझर्व्ह चिमुकली अशी जोडी जाहिरातींत बरीच दिसते. पण रिझर्व्ह उघडते तेव्हा माणूस आधीच घाबरलेला असतो, कदाचित शेतात किंवा घरांच्या मध्ये उतरत असतो. तेव्हा अंगावर मोठी छत्री हवी. या एका मुद्द्यावर मी कुणाशीही तडजोड करणार नव्हते.

मग हार्नेस. अमेरिकेतल्या वापरलेल्या रिग बहुतेक सहा फुटी पुरुषांच्या मापाच्या. खांद्यापासून कमरेपर्यंत येणारा मुख्य पट्टा लांब असला तर छत्री उघडताना हार्नेस वर सरकतो, छातीचा पट्टा हनुवटीपाशी येतो आणि हँडल जिथे हाताला सापडायला हवीत तिथे सापडत नाहीत. मांड्यांचे दोन पट्टे तर सगळं वजन पेलतात. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये पटाया इथे नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा कौतुक झालं ते साडीचं. मला त्यात दिसला तो कासोटा. दोन्ही पाय सुटे असल्याशिवाय मांडीचे पट्टे बसतच नाहीत. एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारणाऱ्या आणि पुढे पद्मश्री मिळालेल्या या बाईंनी पाचवारी निवडली नाही, त्यामागे हार्नेसची पक्की जाण असावी.

पहिली रिग हातात आली ती दिसायला देखणी होती. रंग उडालेला नाही, शिवण कुठे उसवलेली नाही, 'कपाटात जपून ठेवलेली' असं मालकाचं म्हणणं. एलॉयच्या रिगरने ती टेबलावर ठेवली आणि कापडाला हातही न लावता आधी एएडीची तारीख वाचली. एएडी म्हणजे रिझर्व्हच्या कप्प्यात बसणारं छोटं यंत्र. उंची आणि वेग ते स्वतः मोजत असतं. सायप्रेस या एएडीच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये माणूस जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर आला आणि अजूनही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असला, तर ते रिझर्व्ह बंद ठेवणारा दोर कापतं. पोटावर पडणारा माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाने २२५ मीटर म्हणजे जेमतेम चार सेकंद. हे यंत्र वर्षानुवर्षं गप्प बसतं आणि बहुतेकांच्या आयुष्यात एकदाही चालत नाही, म्हणून त्याची मुदत लोक विसरतात. २०१६ पासून बनलेल्या सायप्रेसला साडेपंधरा वर्षांचं आयुष्य दिलेलं आहे, त्याआधीच्यांना कमी. त्या देखण्या रिगमधलं यंत्र २००९ चं होतं, म्हणजे मुदत संपून गेलेलं. नवं घ्यायचं तर हजार डॉलरच्या वर. मेन १३५ ची. रिग परत पाठव, रिगर म्हणाला.

घरी फोनवर अण्णांना हे सांगितलं. अण्णा हळद पिकवतात. विमानातून उडी मारण्याबद्दलचं मत त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, नंतर तो विषय काढला नाही. पण वापरलेली वस्तू म्हटल्यावर ते सावरून बसले असावेत. "कामून विकायलालाय त्यो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माळेगावच्या जत्रेत बैल घेताना ते आधी दात बघतात, दोनदाती, चारदाती की जुळलेला. मग खांदा चाचपतात, मग चालवून बघतात, आणि मालकाचं ऐकतात ते सगळ्यात शेवटी. एलॉयचा रिगर त्याच क्रमाने चालतो: आधी तारीख, मग हात, मग ताण देऊन बघणं, आणि शेवटी मालकाला दोन प्रश्न.

दुसरी रिग आली ती रंगाने विटकी. हिरव्याचा पोपटी झालेला. विकणारीचं कारण साधं होतं: आता तिला लहान छत्री हवी होती. असं कारण ऐकलं की बरं वाटतं, कारण ती अजून उडते आहे आणि स्वतःच्या वस्तूबद्दल तिला बोलता येतं. मेन सेबर-२, १७० ची. रिगरने रायझर, म्हणजे हार्नेसला दोऱ्या जोडणारे पट्टे, भिंतीच्या हुकांत अडकवले, छत्री मागे ओढली आणि दोऱ्या ताणून डावी-उजवी शेजारी शेजारी धरली. छत्री एकदम उघडून झटका बसू नये म्हणून दोऱ्यांवरून एक चौकोनी कापड खाली सरकतं, त्याला स्लायडर म्हणतात. त्याच्या कड्या दर उडीला दोऱ्यांवर घासतात, आणि त्या घर्षणाच्या उष्णतेने स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या हळूहळू आखडतात. सगळ्या सारख्या आखडल्या असत्या तर बिघडलं नसतं. कडेच्या दोऱ्या जास्त आखडतात, ब्रेकच्या तर आणखी, आणि छत्रीचा मूळ आकारच बदलतो. मग ती उघडताना एका बाजूला खेचते, किंवा उतरताना दोन्ही ब्रेक ओढून वेग मोडायचा तो फ्लेअर अर्धवट मिळतो. इथे वाळवंटाची बारीक धूळ दोऱ्यांच्या विणीत शिरून आतून कापत राहते, ते वेगळंच.

त्याने माझं बोट ब्रेक लाइनच्या खालच्या टोकाला, हातात धरायच्या टॉगलच्या वर, लावलं. ती जागा लोकरीगत फुललेली होती. बाकी दोर गुळगुळीत, तिथे तंतू उभे राहिलेले. दोन्ही ब्रेक लाइन बदलायच्या, हे तिथेच ठरलं. मुख्य दोऱ्यांचा फरक मर्यादेत होता. कापडाला त्याने दोन्ही हातांच्या चिमटीत धरून कानाजवळ चोळलं. हवा न झिरपणारं हे कापड नवं असताना कुरकुरतं आणि बोटांतून निसटतं. जुनं झालं की मऊ पडतं, घडी घालायला सोपं जातं, आणि त्यावर नवखा भाळतो. हे अजून कुरकुरत होतं.

मग तीन कड्या. बिल बूथ यांनी सत्तरच्या दशकात काढलेली ही युक्ती मला या सगळ्या सामानातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एकातून एक ओवलेल्या तीन धातूच्या कड्या प्रत्येक टप्प्यावर भार कमी करत नेतात. शेवटी एक कापडी लूप आणि त्यातून गेलेली पिवळी केबल एवढ्यावर माणसाचं सगळं वजन अडतं, आणि ती केबल एका हाताने उपसता येते. बिघडलेली मेन सोडून द्यायची ती अशी. रिगरने कड्या सुट्या केल्या, पट्ट्याचा ताठरपणा चोळून मोडला, केबलवरचा काळा मळ पुसला. हे काम दर महिन्याला स्वतः करायचं असतं. आधीच्या मालकिणीने ते केलेलं दिसत होतं. कंटेनरच्या तळाला, मेन ओढून बाहेर काढणाऱ्या छोट्या पायलट च्यूटचा ताणला जाणारा खिसा मात्र सैल पडला होता. हा खिसा सैल असला तर ज्या क्षणी नको त्या क्षणी च्यूट बाहेर येऊ शकते, कधी विमानाच्या दारातसुद्धा. तोही नवा शिवायचा ठरला.

आता रिझर्व्ह. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी परवानाधारक रिगरने उघडून तपासून पुन्हा बांधलीच पाहिजे. २००८ च्या अखेरपर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. मेनच्या बनावटीला सरकारी मान्यता लागत नाही. रिझर्व्ह आणि हार्नेस यांना लागते, यावरूनच कायद्याचं लक्ष कुठे आहे ते कळतं. कार्डावर एका जागी बराच काळ नोंद नव्हती. रिगरने बोट ठेवून विचारलं. तेव्हा ती गरोदर होती, उडत नव्हती, असं मालकिणीने सांगितलं आणि उड्यांची वही पुढे केली. वहीतही तेवढाच खंड. सह्या आणि वही जुळल्या.

त्याने मला रिग अंगावर चढवायला लावली आणि म्हणाला, ओढ. रिझर्व्हचं हँडल आधी नजरेने शोधायचं, मग हाताने, आणि मग ओढायचं. शिक्क्याचा दोरा तुटला, पिन निघाली, आणि स्प्रिंगची पायलट च्यूट फडकन माझ्या मागे उसळली. ती किती जोरात येते हे वाचून कळत नाही. लांब टेबलावर त्याने रिझर्व्ह पसरली. मधल्या कापडावर कंपनीची छापील पट्टी, अनुक्रमांक, बनल्याची तारीख आणि छोट्या चौकटी: चाळीस बांधणीच्या, पंचवीस वापराच्या. त्या भरल्या की छत्री तपासणीला कंपनीकडे जाते. वापराच्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. त्याने अनुक्रमांक कार्डाशी ताडून पाहिला, प्रत्येक शिवणीवरून हात फिरवला, डागासाठी कापड दिव्यासमोर धरलं. एका ठिकाणी थांबला, जवळून पाहिलं, पुढे गेला. मी विचारलं तर म्हणाला, सुताची गाठ आहे, कारखान्यातलीच.

बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलजवळ भारतीय सैन्याची २ पॅरा (मराठा) बटालियन छत्र्यांनी उतरली, तेव्हा त्या जवानांपुढे निवडीचा प्रश्न नव्हता. गोल छत्री, विमानाला अडकवलेल्या पट्ट्याने आपोआप उघडणारी, दुसऱ्याच कुणीतरी बांधलेली. त्यांना बांधणाऱ्यावर भरवसा टाकायचा होता. नागरी उडीत निवड आपली असते, आकार, रंग, किंमत सगळं आपण ठरवतो. तो भरवसा तरीही टळत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या ज्या मुलामुलींना हा नाद लागला आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्राने हवाई खेळांचं धोरण जाहीर केलं, त्यात स्कायडाइव्हिंगही आहे, आणि हरियाणात नारनौलजवळ बाछोदच्या धावपट्टीवर उड्या होतात. तरी बरेच जण शिकायला परदेशात जातात आणि परत येताना स्वस्तात रिग आणण्याचा मोह होतो. फोटो बघून पैसे पाठवू नका. रिग आधी रिगरकडे जाऊ द्या, तो विक्रेत्याच्या ओळखीतला नको, आणि त्याने हो म्हटल्यावरच पैसे मोकळे करा. तपासणीला नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलूच नका.

रिझर्व्ह पुन्हा बांधायला त्याला दुपार लागली. कार्डावर नवी सही, दोऱ्यावर नवा शिक्का. ब्रेक लाइन आणि खिसा झाल्यावर मी त्या रिगने पहिली उडी एकटीने घेतली, पाच हजार फुटांवरून, आणि विमान सोडल्यावर लगेच मेन उघडली. नव्या छत्रीची ओळख वरच करून घ्यायची असते, जमिनीजवळ नाही. तीन हजार फुटांवर दोन्ही ब्रेक हळूहळू खाली आणत ती उडायची कुठे थांबते ते पाहिलं, मग डावं वळण, उजवं वळण, मग फ्लेअर, पुन्हा फ्लेअर. भाड्याच्या रिगपेक्षा हात बरेच जास्त खाली न्यावे लागत होते. उतरल्यावर रिगरला ते सांगितलं. त्याने टॉगलची गाठ बघितली, ती आहे तिथेच राहू दे म्हणाला. दोर अजून नवे आहेत, थोडे बसतील. आणखी उड्या घे, मग मोजू.