भीमाशंकरच्या राईंतील शेकरूं

आफ्रिकेंतील सिंह, जिराफ व पाणघोडे आमच्या विद्यार्थ्यांस चित्रांवरून पुरते परिचित आहेत. परंतु आपल्याच तालुक्याच्या माथ्यावर कोणता प्राणी नांदतो असें विचारतां सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले! म्हणून गतवर्षीं दहाबारा तरुणांस घेऊन आम्हीं कर्जतहून खांडस गांठलें व गणेशघाटानें भीमाशंकर चढलों. शिडीघाट जवळचा खरा, पण आमचे गुडघे आतां पूर्वीचे नाहींत.

माथ्यावरच्या दाट राईंत आमच्या ठाकर वाटाड्यानें वर बोट दाखविलें. तांबूस-तपकिरी पाठ, पिवळट पोट, अंगाहूनहि लांब झुपकेदार शेपूट. तेंच शेकरूं, महाराष्ट्राचा राज्यप्राणी! तें सहसा भूमीवर उतरत नाहीं. फांदीवरून फांदीवर उडी हाच त्याचा राजमार्ग. मधलीं झाडें तुटलीं कीं तोहि तुटला.

येथील महादेव कोळी हिरडा, म्हणजे आपल्या वैद्यकांतील हरीतकी, विकून चार पैसे मिळवितात. १९८५ सालीं अभयारण्य झालें व वनोपजावर निर्बंध आले; २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो हक्क पुनः मान्य केला. देवाची म्हणून ज्यांनीं राई राखिली, त्यांसच तिच्या फळासाठीं अर्ज करावे लागावेत, हें आम्हांस तरी रुचत नाहीं.

एका मुलानें तेथील वृद्धास विचारलें, "आजोबा, हिरडा काढतांना झाड मोडत नाहीं का?"

"फांदी मोडली तर म्होरल्या साली काय इकू?" म्हातारा म्हणाला, आणि मुलांच्या ओंजळींत त्यानें मूठभर वाळले हिरडे ओतले.