खुरप्यापासून नकाशापर्यंत

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत ठरलेली चर्चा सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, नाही तर स्पर्धा परीक्षा. या वाटांना आमचा विरोध नाही. परंतु ज्या मावळात आपल्या माणसांनी दुसऱ्यांच्या बागा फुलवण्यात आयुष्य घालवले, त्या मावळातल्या मुलामुलींना लँडस्केप आर्किटेक्ट नावाचा व्यवसाय असतो हे कोणी सांगितलेच नाही, याची आम्हाला खंत वाटते.

लोणावळा-खंडाळ्यापासून पवना धरणाच्या काठापर्यंत बंगले आणि फार्महाऊस उभे राहिले. तिथे खड्डे कोणी खणले? लाल माती आणि शेणखताची घमेली कोणी वाहिली? लॉन कोणी लावली? आपल्या वस्तीतल्या आणि ठाकर-कातकरी वाड्यांतल्या माणसांनी. आणि झाड कुठे लावायचे, पाणी कुठून काढायचे, हे ठरवणारा नकाशा कोणाचा? तो मुंबई-पुण्याहून गाडीतून आलेल्या साहेबाचा! राबणाऱ्याला रोज मिळतो, नकाशावाल्याला फी मिळते. जातिव्यवस्था नुसती कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच वरखाली मांडून एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. बंगल्याच्या बागेत ही गोष्ट आजही उघड्या डोळ्यांनी दिसते.

हा व्यवसाय म्हणजे शोभेच्या कुंड्या मांडणे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. लोणावळ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात आसपासच्या वाड्यांत बायकांना हंडे घेऊन फिरावे लागते. उतारावरची माती कशी धरायची, भिंतीमागे तुंबलेल्या पाण्याला वाट कशी द्यायची, जांभूळ, हिरडा, उंबर ही इथलीच झाडे कुठे लावायची, हे ठरवणे म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चर. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा ठिकाणी माणसांनी कुठवर जावे, पाणी वाढले तर कोणत्या वाटेने परतावे, हाही याच शास्त्राचा प्रश्न आहे. इथे ज्ञान कमी पडले तर किंमत जिवाने मोजावी लागते.

हे ज्ञान आपल्याला परके आहे काय? मुळीच नाही. कार्ले, भाजे आणि बेडसे ही बौद्ध लेणी याच मावळात आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या आजही तिथे पाहायला मिळतात. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याचा लेख आहे. ज्याने हाताने काम केले त्याचे नाव दगडावर कोरले गेले! आज बंगल्याच्या फाटकावर मालकाचे नाव असते, नकाशावर आर्किटेक्टचे असते, आणि बाग जगवणाऱ्याचे नाव हजेरीच्या वहीपलीकडे कुठेच नसते. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याला 'फुले' हे आडनाव फुलांच्या व्यवसायामुळेच पडले. जोतीराव स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. श्रमाला हिशेबाची आणि ज्ञानाची जोड दिली की माणूस स्वाभिमानाने उभा राहतो, हे त्यांनी जगून दाखवले.

जगाकडेही पाहू. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्याची स्पर्धा १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी जिंकली. ओल्मस्टेडकडे वास्तुकलेची पदवी नव्हती. त्याने आधी शेती केली होती, पत्रकारिता केली होती. पण या बागेची दुसरी बाजूही आपल्या मुलांना ठाऊक हवी. त्या जागेवर १८२५ पासून सेनेका व्हिलेज नावाची, मुख्यतः काळ्या लोकांची वस्ती होती. त्या काळी तिथल्या काळ्या पुरुषांना मतासाठी २५० डॉलर किमतीच्या मालमत्तेची अट होती. म्हणजे त्यांची जमीन हाच त्यांचा मताधिकार होता. बागेसाठी १८५७ साली ती वस्ती उठवली गेली. याच न्यूयॉर्कमध्ये पुढे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले. सुंदर बागेचा नकाशाही कोणाला तरी बेघर करू शकतो. म्हणूनच नकाशाच्या टेबलावर आपला माणूस बसला पाहिजे.

आता वाट कशी आहे ते सांगतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र ठेवावे. 'नाटा' किंवा जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर द्यावा. मग पाच वर्षांची बी. आर्क. ही पदवी आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. त्यानंतर लँडस्केप विषयात दोन वर्षांची एम. आर्क. मुलींसाठी पुण्यात कर्वेनगरच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. ज्यांना इतकी वर्षे शक्य नाहीत त्यांनी कृषी विद्यापीठाची उद्यानविद्येची पदवी किंवा माळी प्रशिक्षण घ्यावे. आर्किटेक्टची पाटी लावता येणार नाही, पण नर्सरी आणि बागेच्या देखभालीचा स्वतःचा धंदा उभा करता येतो.

फीचे काय, हा प्रश्न खराच आहे. त्यासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. हे कोणाचे उपकार नव्हेत, हक्क आहेत. व्यवसाय सुरू केल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतील ४ टक्के वस्तू व सेवा अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्याव्यात, असे २०१२ चे धोरण सांगते. आपले किती तरुण उद्योगाची नोंदणी करून त्यावर दावा सांगतात?

सुरुवातीची वर्षे कष्टाची असतात. मोठ्या कार्यालयात पगार कमी, काम जास्त, आणि आडनाव विचारून मोजमाप करणारेही भेटतात. तेव्हा खचू नये. साइटवर जाऊन लेव्हल घ्यावी, मातीचा पोत ओळखावा, खर्चाचा अंदाज स्वतः काढावा. बापाच्या खुरप्याची लाज वाटू देऊ नये. पावसात कोणते रोप तगते आणि कोणते कुजते, हे त्या बापाला पुस्तकाआधी कळते. ते विचारून लिहून ठेवावे.

हे शिक्षण केवळ बंगलेवाल्यांच्या सेवेसाठी नको. १ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या विरोधात जनता रस्त्यावर उतरली आणि काम थांबवावे लागले. आराखडा कागदावर असतानाच अनुयायांचे म्हणणे समजून घेणारी माणसे तिथे बसली असती तर ही वेळ आली नसती, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या विहारांची आवारे, वस्तीतल्या गटारी, स्मशानाच्या वाटा, मुलांची मैदाने यांना नकाशा कोण देणार?

या जूनमध्ये मावळातल्या प्रत्येक विहारात बारावीच्या मुलांची आणि पालकांची एक बैठक घ्यावी, अर्जांच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, असे आमचे कार्यकर्त्यांना आवाहन आहे. बाग आपण कसली. आता तिचा नकाशाही आपण काढू.