पंचायतीच्या दारी आलेली काचेची तार

धरणाचा कालवा गावच्या शिवेपर्यंत आला, पण पोटचाऱ्या निघाल्याच नाहीत, तर रानाला पाणी मिळेल का? इंटरनेटच्या बाबतीत पुष्कळ गावांची आज हीच गत आहे. काचेची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, पण शाळेत, दवाखान्यात नि घरोघर ती पोचलेली नाही.

ही तार म्हणजे ऑप्टिकल फायबर. केसाएवढ्या बारीक काचेच्या धाग्यातून प्रकाशाचे ठोके धावतात आणि त्यांतून माहिती जाते. एका केबलमध्ये असे अनेक धागे असतात. केबल टाकताना मोठा खर्च येतो तो चर खणण्याचा. जादा धाग्यांचा खर्च त्यामानाने थोडा. म्हणून पुढची गरज ओळखून धागे जास्तच घालतात. ज्या धाग्यात अजून प्रकाश सोडलेला नाही, त्याला ‘डार्क फायबर’, म्हणजे अंधारा धागा म्हणतात. तो निकामी नसतो, नुसता रिकामा असतो. दोन्ही टोकांना यंत्रे बसवली की तो कामाला लागतो.

रिकाम्या धाग्यांचा उपयोग

स्वीडनमधील स्टॉकहोम शहराने 1994 साली ‘स्टोकाब’ नावाची स्वतःची कंपनी काढली. ती धागे टाकते आणि सर्व कंपन्यांना सारख्याच अटींवर भाड्याने देते. प्रत्येक कंपनीने रस्ता पुन्हा खणायला नको.

आपल्याकडे ऑक्टोबर 2011 मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याची योजना मंजूर झाली. 2015 पासून तिला ‘भारतनेट’ म्हणतात. बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांचे पडून असलेले धागे वापरायचे आणि ते संपतात तेथून पंचायतीपर्यंतच नवी केबल टाकायची, असे पहिल्या टप्प्यात ठरले. एक लाख पंचायतींचा हा टप्पा डिसेंबर 2017 मध्ये पुरा झाला. यासाठीचा निधी दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नावरील आकारणीतून उभा राहिला. म्हणजे आपण फोनसाठी मोजलेल्या पैशांतलाच तो वाटा!

घोडे कुठे अडते?

पंचायतीतल्या यंत्राची वीज गेली, बॅटरी उतरली, कचेरीला कुलूप लागले किंवा रस्त्याच्या कामात केबल तुटली, की सारे बंद. तार चालू असली तरी पंचायतीपासून घरापर्यंत जोडणी देणारा कोणी नसेल, तर उपयोग काय?

या उणिवा दूर करण्यासाठी ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात केबलचे कडे करायचे आहे. एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालावे, हा हेतू. दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचेही ठरले असून, त्यासाठी स्थानिक उद्योजकांना उत्पन्नात वाटा मिळतो.

गावाने काय करावे?

पहिले काम ग्रामसभेत. आपल्या पंचायतीत तार आली आहे का, यंत्र चालू आहे का, त्याची देखभाल कोणाकडे आहे, हे ग्रामसेवकांना विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. यंत्र बंद असेल तर तसा ठराव करून वर पाठवावा.

दुसरे, गावातल्या होतकरू तरुणाने किंवा बचत गटाने जोडण्या देण्याचे काम अंगावर घ्यावे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत किराणा दुकानदारही वाय-फाय पुरवू शकतो. त्याला परवाना वा शुल्क लागत नाही.

तिसरे, पाइपलाइनसाठी जेसीबी लावण्यापूर्वी केबल कोठून गेली आहे याची चौकशी करावी. त्यासाठी मार्च 2023 पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आहे. एका फटक्यात साऱ्या गावाची तार तुटू शकते.

बाजारभाव, सातबारा, पीकविमा, मुलांचे प्रवेशअर्ज, सारे आता इंटरनेटवर आले आहे. तार आपल्या दारात पडून असताना या कामांसाठी तालुक्याला हेलपाटे का घालायचे? येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.