राबाची माती आणि सुती चिंधी

भिवंडी तालुक्यातील भातशेतकरी पावसाळ्यापूर्वी राब भाजतात. शेण, टहाळे, गवत व पाचोळा यांचे थर रोपांच्या वाफ्यावर पसरून, वर माती टाकून ते पेटवितात. त्यायोगे तणाचे बी जळते आणि राखेतून रोपांस पोटॅश मिळते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह या पद्धतीचा अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध केला होता.

राबाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. झाडांनी हवेतून घेतलेला कर्ब पानांत साठतो. पाने जाळली की त्यातील बहुतेक कर्ब धुराबरोबर पुन्हा हवेत जातो. तीच पाने मातीत कुजली, तर सूक्ष्मजीव काही कर्ब श्वसनावाटे सोडतात, परंतु काही अंश मातीच्या कणांना चिकटून टिकतो. जगातील जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे दीड लाख कोटी टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेतील कर्बापेक्षा हा साठा पुष्कळ मोठा आहे.

हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येते. निखळ सुती कापडाचे सारखे तुकडे घ्यावेत. यंत्रमागाच्या आपल्या गावी चिंध्यांस तोटा नाही, मात्र कृत्रिम धाग्याचे कापड कुजत नसल्याने ते वर्ज्य समजावे. पहिल्या पावसानंतर राबाच्या वाफ्याची कड, न भाजलेला बांध व झाडाखालची जमीन अशा तीन ठिकाणी प्रत्येकी चार तुकडे चार बोटे खोल पुरावेत. दर आठवड्यास एकेक काढून किती कुजला ते नोंदवावे. मग हात साबणाने धुवावेत.

येथे एक सावधगिरी हवी. चिंधी लवकर कुजली म्हणजे तेथील सूक्ष्मजीव अधिक क्रियाशील आहेत, एवढेच सिद्ध होते. कर्बाचा साठा त्यावरून मोजता येत नाही. त्यासाठी तिन्ही ठिकाणची वाळलेली ढेकळे पाण्यात अलगद सोडावीत. माती एकाच जातीची असेल, तर सेंद्रिय द्रव्य अधिक असलेले ढेकूळ बहुधा उशिरा विरघळते.

निष्कर्ष आधी सांगून टाकू नये. राब भाजणारे विद्यार्थ्यांचेच वडील आहेत; ‘गुरुजी म्हणतात, तुमचे चुकते’ असा निरोप घरी जाता कामा नये. मुलांनी स्वतःची वही घरी दाखवावी आणि राब भाजण्याची कारणे वडिलांकडून समजून घ्यावीत. अपेक्षेविरुद्ध आलेली नोंदही खोडू न देणे, हे शिक्षकाचे कर्तव्य होय.