रात्रीची पाळी आणि विहिरीवरची मोटार



एरवी या पानावर मी बेणे, लागण आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस ऊस बाजूला ठेवून तो पिकवणाऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे.

गेल्या हंगामात लागण नोंदीसाठी शिवारात हिंडताना एका सभासदाच्या विहिरीवर थांबलो. स्टार्टरच्या पेटीला दार नव्हते. फ्यूजच्या किटकॅटमध्ये कुंपणाची तार पिळून घातलेली. अर्थिंगची वायर तुटून नुसती लोंबत होती. मालक म्हणाले, "साहेब, दहा वर्षं असंच चाललंय. काय होतंय त्याला?" शेजारी त्यांचा नातू ओल्या पायांनी, अनवाणी उभा होता.

काय होते ते सांगतो. फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. प्रवाह वाढला की ती वितळते आणि वीज तुटते. तिथे जाड तार घातली की ती वितळत नाही, जळते ती मोटार. वायंडिंग जळून बॉडीला लागले की मोटार, पाइप, स्टार्टरची पेटी यांपैकी कशातही वीज उतरते. अर्थिंग धड असेल तर हा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. त्यात हात ओले आणि पाय चिखलात, म्हणजे विजेला वाट मोकळीच.

अर्थिंगसाठी आठ-दहा फूट खोल खड्डा घ्यावा. त्यात लोखंडी पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यावेत. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे, कारण कोरडे अर्थिंग असून नसल्यासारखे. सोबत गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवला तर फारच चांगले. पेटीपुढे कोरडी फळी टाकावी आणि पायात रबरी बूट असावेत. एवढा खर्च एका खताच्या हप्त्याइतकाही नाही.

ऑटो स्विचची गोष्ट वेगळी. रात्री लाइट आली की मोटार आपोआप चालू होते, झोपमोड होत नाही, म्हणून तो घरोघर आला. पण लाइट नाही असे समजून कोणी फुटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरला आणि तेवढ्यात लाइट आली तर? दुरुस्तीला हात घालण्याआधी मेन स्विच पाडावा, तिन्ही किटकॅट काढून खिशात ठेवावेत आणि मगच उतरावे. खिशात म्हणतो, पेटीवर नव्हे; घरातला दुसरा कोणी येऊन ते परत बसवतो.

एखाद्याला शॉक बसलाच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला सारा. खांबावरची मोठ्या दाबाची तार तुटून पडली असेल तर मात्र लाकूड घेऊनही जवळ जाऊ नका. लांब थांबा, इतरांनाही थांबवा आणि वीज कंपनीला कळवा.

रात्रीच्या पाण्याला दुसरी भीती जनावराची. पाचटात घोणस, मण्यार, नाग असायचेच. बॅटरी, काठी आणि गुडघ्याएवढे बूट असल्याशिवाय सरीत शिरू नये. चावा झाला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी करकचून आवळू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

तोडणी चालू असताना फडातही लक्ष ठेवावे. टोळीची लहान पोरे सावलीसाठी ट्रॉलीखाली निजतात. ड्रायव्हरने गाडी हलवण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी मारावी. मुकादमाला हे मालकानेच बजावावे. रस्त्यावर उभ्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर आणि चाकाला दगड हवाच.

शेवटी एक माहिती. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूस 2 लाख रुपये, तर एक हात, पाय किंवा डोळा निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. विजेचा शॉक आणि सर्पदंशही त्यात येतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे महिन्याच्या आत द्यावा लागतो. दुःखाच्या भरात पंचनामा आणि शवविच्छेदन टाळले जाते आणि प्रकरण तिथेच अडते. कागद जुळवण्यास गट ऑफिसचा शेतकी स्टाफ मदत करील. आणि येत्या महिन्यात नोंदीसाठी विहिरीवर आलो की मी आधी स्टार्टरची पेटी उघडायला सांगणार आहे. राग मानू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी