जपानचा चहा : प्रांत बदलला की गुण बदलतो

हिरवा चहा म्हणजे एकच वस्तू, असे आपण धरून चालतो. जपानमध्ये मात्र प्रांतागणिक त्याची चव आणि ताकद बदलते. तिथे चहा रुजवण्यात भिक्खूंचा मोठा वाटा आहे. एइसाई या झेन भिक्खूंनी ११९१ मध्ये चीनहून चहाचे बी आणले असे मानतात. १२११ मध्ये त्यांनी चहा आणि आरोग्य यांवर ग्रंथही लिहिला.

आपला चहा आणि जपानी चहा एकाच जातीच्या झाडाचे. फरक प्रक्रियेत आहे. तिथे पाने तोडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून ती हिरवी राहतात.

उजी (क्योतो) आणि यामे (फुकुओका) : इथला ग्योकुरो प्रसिद्ध. तोडणीआधी सुमारे वीस दिवस झाडे झाकतात. ऊन कमी मिळाल्याने तुरटपणा घटतो, गोडसर चव येते. माच्चाची पानेही अशीच सावलीतली.

शिझुओका : उन्हात वाढलेला सेंचा. काही भागांत पाने जास्त वेळ वाफवतात. तो चहा गडद आणि कमी तुरट.

कागोशिमा : उबदार दक्षिण, म्हणून नवा चहा एप्रिलमध्येच येतो. २०२४ मध्ये या प्रांताने उत्पादनात शिझुओकाला मागे टाकले.

सायामा (सैतामा) : थंडीमुळे पाने जाड. शेवटी जोरात भाजतात, त्यामुळे चव दाट.

आता आरोग्याचे. शंभर मिलिलिटर ग्योकुरोत सुमारे १६० मिलिग्रॅम कॅफीन असते, सेंचात २०, तर जून पानांच्या बांचात १०. झोप न येणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी हा फरक लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चहातील तुरट द्रव्ये डाळी-भाज्यांतले लोह शरीराला नीट मिळू देत नाहीत. आपल्या वस्त्यांत रक्तक्षय असलेल्या बहिणी कमी नाहीत. त्यांनी कोणताही चहा जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. किमान एक तास अंतर ठेवावे. जेवणात लिंबू पिळावे.

वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही कालाम सुत्ताची शिकवण आपण जाहिरातीलाही लावू या. महाग डब्यापेक्षा घरची पालेभाजी, डाळ आणि वेळेवर केलेली रक्ततपासणी आपल्या अधिक कामाची.