पट्टिकेबाहेरच्या तारा आणि त्यांचा आराखडा

सौर ऊर्जेवर चालणारा अभ्यासाचा दिवा उघडून पाहिल्यास आत बहुधा हिरव्या रंगाची एक लहानशी पट्टिका आढळते. तीवर तांब्याच्या बारीक रेषा उमटविलेल्या असतात व त्या रेषांमधूनच वीज एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाते. हिलाच सर्किट बोर्ड, किंवा कारागिरांच्या बोलीत पीसीबी, असे म्हणतात. परंतु दिव्याचे निम्मे अवयव या पट्टिकेच्या बाहेर असतात. सौर पॅनेल उन्हात ठेवावे लागते, बॅटरी तळाशी असते, बटण एका बाजूस असते. या सर्वांना पट्टिकेशी जोडणाऱ्या तारा हाताने डाग देऊन बसवाव्या लागतात, आणि चूक होण्यास सर्वांत अधिक वाव याच ठिकाणी असतो.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०१४ साली महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान व ओडिशा या चार राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिव्यांची योजना हाती घेतली होती. दिव्यांची जुळणी, विक्री आणि दुरुस्ती स्थानिक लोकांनीच करावयाची, हे त्या योजनेचे वैशिष्ट्य होते. अशा कोणत्याही कामात आराखडा काढणारा अभियंता आणि तार जोडणारा हात यांची गाठ पडेलच असे नाही. समजा, उज्जैनच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एखाद्या दिव्याचा आराखडा तयार झाला, पट्टिका पुण्यात बनविण्यात आली आणि जुळणी झाबुआ जिल्ह्यातील एखाद्या गावी झाली. उज्जैनहून त्या गावापर्यंत पोहोचतो तो केवळ कागद. त्या कागदावर जी तार काढलेली नाही, ती जोडणाऱ्याच्या तर्कावर सोपविली गेली असे समजावे.

मंडलांचे आराखडे आता संगणकावर काढले जातात. त्यासाठी असलेल्या आज्ञावल्यांपैकी कायकॅड ही विनामूल्य आज्ञावली फ्रान्समधील जाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने तयार केलेल्या ईसिम या आज्ञावलीतही कायकॅडचाच उपयोग करण्यात आला आहे. तीमध्ये दोन चित्रे काढावयाची असतात. पहिल्या मंडलचित्रात कोणता अवयव कोणास जोडावयाचा हे दाखविले जाते. दुसऱ्यात ते अवयव पट्टिकेवर कोठे बसतील व तांब्याच्या रेषा कशा जातील हे ठरते. पहिल्या चित्रात जे बिंदू एकमेकांस जोडले असतील, ते दुसऱ्यात तांब्याने जोडलेच गेले पाहिजेत, असा आज्ञावलीचा दंडक आहे. न जोडल्यास त्या बिंदूंमध्ये एक बारीक रेषा दिसत राहते आणि तपासणीच्या वेळी जोडणी अपूर्ण असल्याचा शेरा मिळतो.

येथेच अडचण उद्भवते. तलाठ्याच्या दप्तरात गावच्या शिवेबाहेरच्या जमिनीची नोंद नसते. त्याचप्रमाणे पट्टिकेच्या कडेबाहेरून जाणारी तार आज्ञावलीस ठाऊक नसते. पट्टिकेवरील दोन बिंदू बाहेरच्या तारेने जोडावयाचे ठरविले, तरी तिच्या लेखी ते तुटलेलेच राहतात. नवशिके अशा वेळी शेऱ्याकडे दुर्लक्ष करतात, किंवा चित्रावर नुसती एक रेघ ओढून समाधान मानतात. हा मार्ग धोक्याचा आहे. दुर्लक्ष करण्याजोगे चार शेरे साचले की त्यांतच खरोखर राहून गेलेल्या जोडणीचा पाचवा शेरा लपतो, आणि तो पट्टिका बनून आल्यावरच ध्यानात येतो.

यावर उपाय असा की, तारेचे टोक हा एक स्वतंत्र अवयवच मानावा. मंडलचित्रात त्यासाठी एका किंवा दोन टोकांचे जोडणीचिन्ह घालावे, म्हणजे पट्टिकेवर त्याची छिद्रे आपोआप येतात. कायकॅडच्या संग्रहात अशी तयार छिद्रे तारेच्या जाडीनुसार, ०.५, ०.७५, १ चौरस मिलिमीटर याप्रमाणे दिलेली आहेत. त्यांतील काही प्रकारांत डागाच्या छिद्राशेजारी आणखी एक मोठे छिद्र असते. त्याचा उपयोग पुष्कळांस ठाऊक नसतो. डाग दिलेल्या जागी तारेचे पदर ताठ होतात आणि तार हलत राहिली की नेमके तेथेच तुटतात. तार आधी मोठ्या छिद्रातून ओवून मग डाग दिल्यास ओढ वेष्टनावर पडते, डागावर पडत नाही. रोज मुलांच्या हाताळणीत असणाऱ्या दिव्यासाठी एवढी जागा अवश्य खर्च करावी.

बॅटरी, पॅनेल व बटण हे अवयव पट्टिकेवर बसत नसले, तरी मंडलचित्रात ते असलेच पाहिजेत. कायकॅडच्या डिसेंबर २०२१ मधील सहाव्या आवृत्तीपासून अशा अवयवास ‘पट्टिकेतून वगळलेला’ अशी खूण करता येते. तो सामानाच्या यादीत राहतो, चित्रात त्याची जोडणी दिसते, मात्र पट्टिकेवर त्यासाठी जागा मागितली जात नाही.

पट्टिकेच्याच एका भागावरून दुसऱ्या भागाकडे उडी घेणारी तार असेल, तर तिलाही दोन टोकांचा अवयव मानून दोन्ही टोकांकडील जाळ्यांना निराळी नावे द्यावीत. मग जोडणी अपूर्ण असल्याचा शेरा येत नाही आणि तारेची नोंद यादीत होते.

एवढ्याने जुळणी करणाऱ्याचे काम संपूर्ण सुकर होत नाही. बॅटरीच्या तारा उलटसुलट जोडल्या गेल्या आणि पट्टिकेवर संरक्षण नसेल, तर आतील भाग क्षणात जळू शकतात. लिथियम बॅटरी असल्यास भाजण्याचाही संभव असतो. म्हणून प्रत्येक छिद्राशेजारी धन-ऋण चिन्ह आणि तारेचा रंग छापावा. २०२३ सालच्या सातव्या आवृत्तीपासून संगणकातील इतर वळणांची अक्षरेही पट्टिकेवर छापता येतात. त्यामुळे ‘लाल’, ‘काळी’ हे शब्द देवनागरीत घालण्यास प्रत्यवाय नाही. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषा वाचणाऱ्यांची त्याने सोय होते.

तारेचा क्रमांक, रंग, जाडी आणि तिची दोन्ही टोके कोठे जातात, ही माहिती चिन्हासोबतच्या रकान्यांत भरून ठेवल्यास ती सामानाच्या यादीत उतरते व हीच यादी जुळणी करणाऱ्याच्या हाती देता येते. लांबी मात्र आज्ञावलीस कळत नाही. ती प्रत्यक्ष दिव्याची पेटी समोर ठेवून, झाकण पूर्ण उघडता येईल इतकी ढील धरून मोजावी लागते आणि मगच रकान्यात लिहावी.